हात धुवायला पाणी किती लागतं? सीरियातले विस्थापित आणि साथीपासून बचावाचा हिशेब

आधी एक हिशेब करू. सहा माणसांचं कुटुंब एका तंबूत राहतं. आपत्तीच्या काळात माणसाला दिवसाला किमान १५ लिटर पाणी मिळावं असा जगभर मानला जाणारा निकष आहे, म्हणजे कुटुंबाला ९० लिटर. पिणं, स्वयंपाक, भांडी, कपडे, अंघोळ आणि लहान मुलांचं सगळं त्यात आलं. आता साथ येते आणि सांगितलं जातं, की दिवसातून दहा वेळा साबणाने हात धुवा, किमान २० सेकंद चोळा. नळ सोडून हात धुतले तर एका वेळी दोनेक लिटर पाणी सहज जातं. सहा माणसं, दहा वेळा, दोन लिटर : १२० लिटर. घरात आलेल्या सगळ्या पाण्याहून जास्त पाणी नुसत्या हातांना लागलं.

मगाने, पाणी बेताने ओतून धुतलं तर अर्ध्या लिटरमध्ये भागतं. तरी ३० लिटर होतात, म्हणजे दिवसभराच्या पाण्याचा तिसरा हिस्सा. पाच लिटरच्या कॅनच्या झाकणाला किंवा तोंडाजवळ बारीक भोक पाडून, दोरीला टांगून, पायाने दाबायच्या काठीने तो कॅन कलता केला तर अर्ध्या पेल्यात हात धुऊन होतात. त्या हिशेबाने अख्ख्या कुटुंबाला सहाएक लिटर पुरतात.

सूचना एकच, पण पाण्याचा खर्च १२० लिटर, ३० लिटर किंवा सहा लिटर. सीरियातल्या विस्थापितांनी कोरोनाच्या काळात काय पाळलं आणि काय पाळलं नाही, हे समजून घ्यायचं तर या तीन आकड्यांपासून सुरुवात करावी लागते. 'लोकांना कळत नाही' हे उत्तर फार लवकर दिलं जातं आणि बहुतेक वेळा ते चुकीचं असतं.

विस्थापित म्हणजे नेमके कोण

मार्च २०११ मध्ये सीरियात आंदोलन सुरू झालं आणि त्याचं युद्धात रूपांतर झालं. युद्धापूर्वीच्या लोकसंख्येतली निम्म्याहून जास्त माणसं घराबाहेर पडली. २०२० मध्ये साथ आली तेव्हा साठ लाखांहून अधिक लोक देशातच इकडून तिकडे विस्थापित होते आणि जवळजवळ तेवढेच देशाबाहेर निर्वासित होते. तुर्कस्तानात सुमारे ३६ लाख, लेबनॉनमध्ये तिथल्या सरकारच्या अंदाजाने १५ लाख, जॉर्डनमध्ये नोंदणी झालेले साडेसहा लाखांच्या आसपास.

'छावणी' म्हटलं की डोळ्यांसमोर पांढऱ्या तंबूंच्या रांगा येतात. पण जॉर्डनमधल्या सीरियनांपैकी दर पाचांतले चार छावणीबाहेर, गावाशहरांत भाड्याने राहत होते. झातरी ही २०१२ मध्ये उभी राहिलेली प्रसिद्ध छावणी. साथीच्या वेळी तिथे सुमारे पाऊण लाख माणसं होती, तंबूंच्या जागी पत्र्याची घरं आली होती आणि पाण्याची नळयोजनाही झाली होती. लेबनॉनने मुळात अधिकृत छावण्या होऊच दिल्या नाहीत. तिथे बेका खोऱ्यात शेतमालकाची जमीन भाड्याने घेऊन लाकडी चौकटीवर प्लॅस्टिक ताणून वस्त्या उभ्या राहिल्या. वायव्य सीरियात इदलिब आणि आसपास सुमारे ४० लाख लोक कोंडले होते. डिसेंबर २०१९ ते मार्च २०२० या काळात हल्ल्यांपासून पळालेले तिथलेच जवळपास दहा लाख लोक ऑलिव्हच्या बागांत, शाळांत, अर्धवट इमारतींत शिरले होते. जग टाळेबंदीत जात होतं तेव्हा ही माणसं नुकतीच अंग टाकायला जागा शोधत होती.

हे चारही ठिकाणचे लोक 'सीरियन विस्थापित' म्हणून एका रकान्यात टाकता येतात, पण बचावाचे उपाय पाळण्याची त्यांची ताकद अगदी वेगवेगळी होती. झातरीतल्या बाईला नळ होता. इदलिबच्या बागेतल्या बाईला टँकरची वाट पाहावी लागत होती. ईशान्येला हसाके शहर आणि भोवतालच्या छावण्यांतल्या सुमारे ४ लाख ६० हजार लोकांचं पाणी अलूक नावाच्या एकाच उपसा केंद्रावर अवलंबून होतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये हे केंद्र युद्धरेषेच्या पलीकडे गेलं आणि त्यानंतर पुन्हा पुन्हा बंद पडत राहिलं, ऐन साथ सुरू होताना मार्च २०२० मध्येही.

माहिती होती का? होती

साथीच्या काळात विस्थापितांमध्ये पाहण्या झाल्या. त्यांचा साचा ठरलेला असतो : माणसाला किती माहीत आहे, त्याला काय वाटतं आणि तो काय करतो. जॉर्डन, लेबनॉन, तुर्कस्तान इथल्या पाहण्यांतून पुन्हा पुन्हा एकच चित्र दिसलं. आजार कसा पसरतो, लक्षणं कोणती, हात धुवावेत, मास्क लावावा, हे बहुतेकांना ठाऊक होतं. माहिती टीव्हीवरून, फेसबुकवरून आणि व्हॉट्सअॅपवरून पोचली होती. ठाऊक असणं आणि करणं यांत मात्र मोठी फट होती. अंतर राखणं, घरी थांबणं, आजारी माणसाला वेगळं ठेवणं, म्हणजे ज्याला जागा आणि पैसा लागतो अशा गोष्टींमध्ये ती फट सर्वांत रुंद होती.

अशा पाहण्या वाचताना थोडी सावधगिरी लागते. 'तुम्ही साबणाने हात धुता का?' असं विचारलं की माणूस हो म्हणतो. मदत देणाऱ्या संस्थेचा माणूस विचारत असेल तर नक्कीच म्हणतो, कारण नाही म्हटलं तर मदत थांबेल की काय ही शंका असते. म्हणून अनुभवी सर्वेक्षक प्रश्न बदलतात. 'घरातला साबण दाखवता का?' असं विचारून मिनिटभर थांबतात. मिनिटात साबण हाती आला तर तो वापरात आहे. पेटीच्या तळातून काढावा लागला तर तो पाहुण्यांसाठी किंवा विकायला जपून ठेवलेला आहे. त्याच भेटीत पाण्याच्या भांड्याजवळची जमीन ओली आहे का तेही पाहतात. दुसरी अडचण फोनची. टाळेबंदीत बहुतेक पाहण्या फोनवर झाल्या. ज्यांच्याकडे फोन नाही, चार्जिंग नाही किंवा घरातला एकच फोन पुरुषाच्या खिशात आहे, त्यांचा आवाज आकडेवारीत आलाच नाही. त्यांत म्हाताऱ्या बायका जास्त.

शब्दांचाही घोळ होता. आपल्याकडे 'विलगीकरण' आणि 'अलगीकरण' यांत संशयित कोण आणि रुग्ण कोण यावरून लोक गोंधळले होते, तसंच अरबीत 'हज्र' आणि 'अझ्ल' या दोन शब्दांचं झालं. त्यात 'हज्र' या शब्दाला अडवून ठेवण्याचा, अटकावाचा वास आहे. ज्या लोकांच्या घरातलं कुणी ना कुणी तुरुंगातून परतलेलं नाही, त्यांना हा शब्द कानाला कसा लागला असेल याचा विचार पत्रकं छापणाऱ्यांनी क्वचितच केला. चांगल्या आरोग्यसेविका तो शब्द टाळून 'चौदा दिवस घरात आराम, जेवण आम्ही दारात आणून देऊ' असं सांगत.

माणूस धोका कसा मोजतो

आरोग्यविषयक वर्तनाच्या अभ्यासात एक साधी मांडणी वापरतात. माणूस बचावाचा उपाय करतो तेव्हा मनात काही गोष्टी तोलतो : हे मला होईल का, झालं तर किती वाईट होईल, उपायाने खरंच फायदा होतो का, उपाय करायला काय मोजावं लागतं आणि तो मला जमेल का. हा तराजू विस्थापिताच्या हातात देऊन पाहा.

इदलिबमध्ये कोरोनाचा पहिला रुग्ण ९ जुलै २०२० ला नोंदला गेला. तो एक डॉक्टर होता. त्याआधीचे चार महिने लोक ऐकत होते, की आजार येतोय, आणि तो दिसत नव्हता. दिसत होतं ते दुसरंच. मार्चच्या युद्धबंदीआधी रोज पडणारे बॉम्ब, घसरत गेलेला सीरियन पौंड, आणि जूनमध्ये तर बाजारात व्यवहारच तुर्की लिरामध्ये सुरू झालेले. सकाळी कामाच्या नाक्यावर उभं राहिलं नाही तर रात्री भाकर नाही, हा धोका शंभर टक्के. आजाराचा धोका 'कदाचित'. बाप कामावर जातो. यात अज्ञान कुठे आहे?

साबणाचं पाहा. निकष सांगतो, माणशी महिन्याला २५० ग्रॅम अंगाचा साबण आणि २०० ग्रॅम कपड्यांचा. सहा जणांना मिळून महिन्याला २ किलो ७०० ग्रॅम. वाटप वेळेवर झालं तर ठीक. नाही झालं तर तो विकत घ्यायचा, आणि लेबनॉनमध्ये तर २०१९ च्या शेवटी सुरू झालेल्या आर्थिक कोसळणीत तिथल्या चलनाने दोन-तीन वर्षांत नव्वद टक्क्यांहून जास्त किंमत गमावली. अशा घरात साबणाची वडी दोऱ्याने कापून अर्धी अर्धी वापरतात. मास्क एकदा वापरून टाकायचा असतो हे ठाऊक असूनही तो आठवडाभर खिशात राहतो. छावण्यांतल्या शिंप्यांनी तीन थरांचे कापडी मास्क शिवायला घेतले तेव्हा कुठे हा प्रश्न थोडा सुटला, कारण तो धुता येतो. कापडी मास्कचं कापड घट्ट विणीचं हवं, नाक आणि हनुवटी दोन्ही झाकली जायला हवीत, आणि तो वाळल्याशिवाय पुन्हा लावायचा नसतो. हिवाळ्यात तंबूत तो वाळतच नाही, म्हणून माणशी किमान दोन लागतात. एकच दिला तर माणूस ओला लावतो किंवा लावतच नाही.

सवयी आणि आदरातिथ्य हाही तराजूतला भाग आहे. सीरियात 'मते' नावाचा कडसर काढा पितात. अर्जेंटिनात गेलेल्या सीरियन लोकांनी तो परत आणला आणि सलमिया, स्वैदासारख्या भागांत तो घराघरांत आहे. एक पेला, एक धातूची नळी, ती हातोहात फिरते. गालाला गाल लावून अभिवादन करतात. कुणी गेलं तर तीन दिवस सांत्वनाला लोक बसतात. जो या बैठकीला गेला नाही तो माणसातून उठला, असं मानतात. घरदार गमावलेल्या माणसाकडे शेजाऱ्यांशी नातं एवढंच भांडवल उरलेलं असतं. ते मोडायला सांगणारी सूचना फुकट नसते. जिथे 'येऊ नका' ऐवजी 'आपापली नळी आणा', 'सांत्वन उघड्यावर, दहा दहा जणांनी' असं सांगितलं गेलं, ते अमलात यायची शक्यता तरी होती. वुझूचंही तसंच. नमाजापूर्वी दिवसातून पाच वेळा हात-तोंड-पाय धुतलेच जातात, फक्त साबणाशिवाय. त्या वेळी आधी साबण लावायला सांगितलं तर नवी सवय जुन्या सवयीच्या खांद्यावर बसते आणि पाणीही फारसं वाढत नाही.

१७० चौरस फुटांत वेगळं कसं ठेवायचं

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या नेहमीच्या कौटुंबिक तंबूचा आतला मुख्य भाग १६ चौरस मीटर असतो, साधारण १७० चौरस फूट. हा तंबू पाच माणसांसाठी धरलेला आहे. त्यात सात-आठ राहतात. मधोमध शेगडी, एका बाजूला गाद्यांची चवड, दुसरीकडे भांडी. रात्री गाद्या अंथरल्या की पाय ठेवायला जागा नाही. इथे 'आजारी माणसाला स्वतंत्र खोली, स्वतंत्र संडास' हे पत्रक वाचून बाई काय करणार?

तरी हातपाय गाळायचं कारण नाही. तंबूत जे जमतं ते असं. रुग्णाची गादी दाराच्या पडद्याजवळ, वारा त्याच्याकडून बाहेर जाईल अशी. समोरासमोरचे दोन्ही पडदे दिवसातून चार-पाच वेळा दहा दहा मिनिटं उघडायचे. झोपताना डोकी आळीपाळीने उलटी, म्हणजे एकाचं डोकं तिथे शेजाऱ्याचे पाय. सेवा एकाच माणसाने करायची, शक्यतो तरुण आणि धडधाकट. मास्क एकच असेल तर तो रुग्णाला. पेला आणि ताटली वेगळी. घरातली म्हातारी माणसं शेजारच्या नातेवाइकांच्या तंबूत, त्यांच्याकडे कुणी आजारी नसेल तर. यातलं पडदे उघडण्याचं काम सर्वांत जास्त उपयोगाचं, आणि तेच हिवाळ्यात सर्वांत अवघड. इदलिबच्या डोंगराळ भागात जानेवारीत बर्फ पडतं. डिझेल परवडत नाही म्हणून शेगडीत जुने कपडे, प्लॅस्टिक, ऑलिव्हचा चोथा जाळतात. पडदे बंद, धूर आत. मग सगळेच खोकतात, आणि खोकला धुराचा की आजाराचा हे कळेनासं होतं. 'खोकला आला की तपासणी करा' ही सूचना अशा ठिकाणी अर्थहीन होते. वास-चव जाणं, ताप, दम लागणं या खुणांवर भर द्यावा लागतो.

मार्च २०२० मध्ये लंडनच्या एका आरोग्यसंस्थेतल्या अभ्यासकांनी छावण्यांसाठी वेगळाच उपाय सुचवला होता. आजाऱ्यांना वेगळं करणं शक्य नसेल तर वृद्धांना आणि जुनाट आजार असलेल्यांनाच एकत्र, सुरक्षित भागात हलवा. कागदावर हे पटतं. पण सीरियन घरात आजी नातवंडं सांभाळते, तेव्हा कुठे सून शेतावर मजुरीला जाते. आजी हलली की सुनेची मजुरी गेली. शिवाय आई-वडिलांना दुसरीकडे ठेवणं ही लाज मानली जाते. आणि अशा जागी एकदा विषाणू शिरला तर सगळे नाजूक लोक एकाच वेळी सापडतात. एका घरापुरता किंवा चार तंबूंच्या गटापुरता हा उपाय जमू शकतो, अख्ख्या छावणीसाठी तो अवघड आहे.

तपासणीची किंमत

लोक तपासणी टाळत होते. यावरून त्यांना बेजबाबदार ठरवण्याआधी अहवाल 'बाधित' आला तर काय होतं ते पाहू. चौदा दिवस काम बंद. रोजंदारीला रजा नसते. वस्तीत बोभाटा होतो, दुकानदार उधारी थांबवतो, मुलांशी कुणी खेळत नाही. लेबनॉनमध्ये साथीच्या सुरुवातीला अनेक नगरपालिकांनी फक्त सीरियनांसाठी वेगळी संचारबंदी लावली होती, इतर रहिवाशांपेक्षा कडक. तिथल्या बहुसंख्य प्रौढ सीरियनांकडे वैध निवासपरवाना नव्हता. मे २०१५ पासून तर तिथे सरकारच्या सांगण्यावरून नव्या निर्वासितांची नोंदणीच थांबलेली. अशा माणसाला दवाखान्याच्या वाटेवरचा तपासणी नाका आजारापेक्षा मोठा वाटतो. तो घरीच पॅरासिटामॉल घेतो आणि गप्प बसतो.

यावर चालणारा उपाय माहितीपेक्षा साधा आहे : भरपाई. ज्याला घरी थांबायला सांगितलं त्याच्या दारात चौदा दिवसांचं धान्य, पाणी आणि थोडी रोख. जिथे हे झालं नाही तिथे 'घरी थांबा' म्हणणं म्हणजे उपाशी थांबा म्हणणं.

दवाखान्याची भीती

सीरियन माणूस आरोग्ययंत्रणेवर अविश्वास का ठेवतो हे समजायला २०११ मध्ये जावं लागतं. आंदोलनात जखमी झालेल्यांना सरकारी रुग्णालयांतून उचलून नेल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. पुढे रुग्णालयंच लक्ष्य झाली. दशकभरात आरोग्यकेंद्रांवर पाचशेहून अधिक हल्ले झाल्याची नोंद आहे. हल्ला होऊ नये म्हणून रुग्णालयांनी आपली ठिकाणं संयुक्त राष्ट्रांमार्फत युद्धातल्या पक्षांना कळवली, आणि कळवलेल्या ठिकाणांवरही बॉम्ब पडले. डॉक्टरांनी तळघरांत, गुहांत शस्त्रक्रियागृहं हलवली. ज्या इमारतीवर लाल चिन्ह रंगवलं की ती जास्त धोक्याची होते, तिथे 'लक्षणं दिसताच जवळच्या रुग्णालयात जा' हे वाक्य कसं ऐकू येईल?

त्याच लोकांनी पोलिओच्या वेळी मात्र दार उघडलं होतं. १९९९ नंतर पोलिओमुक्त असलेल्या सीरियात २०१३ मध्ये देर एझ-झोर प्रांतात पोलिओ परतला. लसीकरणाची घडी विस्कटली होती, मुलं डोसाविना राहिली होती. तेव्हा स्थानिक तरुण-तरुणी शीतपेटी घेऊन घरोघर फिरले आणि ती साथ २०१४ मध्ये थांबली. २०१७ मध्ये त्याच भागात लसीतल्या विषाणूच्या बदललेल्या रूपामुळे ७४ मुलं अपंग झाली. लसीकरण अर्धवट राहिलेल्या ठिकाणी असं घडतं, आणि त्यावर उपाय पुन्हा पुरेसं लसीकरण हाच असतो. पोलिओचा डोस देणारी माणसं ओळखीची होती, दारात येत होती, कागद मागत नव्हती.

कोरोनाच्या लशीत ते जमायला वेळ लागला. जॉर्डनने जानेवारी २०२१ मध्येच निर्वासितांना आपल्या राष्ट्रीय मोहिमेत मोफत सामावून घेतलं आणि फेब्रुवारीत झातरी छावणीत लसीकरण केंद्र उघडलं. जगातल्या पहिल्या काही देशांपैकी हा एक. इदलिबला पहिले ५३,८०० डोस २१ एप्रिल २०२१ ला तुर्कस्तानच्या सीमेवरच्या बाब अल-हवा नाक्यावरून आले. आधी आरोग्यकर्मचाऱ्यांना, मग वृद्धांना. चाळीस लाखांच्या वस्तीला तो घास पुरेसा नव्हताच. त्यात ती अॅस्ट्राझेनेकाची लस होती आणि त्याच आठवड्यांत युरोपात तिच्यामुळे रक्ताच्या गुठळ्या होतात का याची चर्चा चालू होती. व्हॉट्सअॅपला सीमा नसते. 'त्यांना नको ती आपल्याला पाठवली' हा संदेश डोसांच्या आधी पोचला. त्याला पत्रकाने उत्तर देता येत नाही. वस्तीतल्या ओळखीच्या सुईणीने, मशिदीतल्या इमामाने, शाळेच्या बाईंनी स्वतः आधी लस घेतली आणि दंड दाखवला, तिथे रांग लागली.

लेबनॉनमधल्या वस्त्यांत आणखी एक माणूस महत्त्वाचा : शावीश. आपल्याकडच्या ऊसतोड टोळीच्या मुकादमासारखा. जमीनमालकाशी बोलतो, मजुरी ठरवतो, भाडं गोळा करतो, कुणाच्या तंबूत कोण आहे ते त्याला ठाऊक असतं. संस्था सगळी माहिती त्याच्यामार्फत पोचवतात, कारण ते सोपं आहे. पण त्याच्याशी ज्या कुटुंबाचं वाकडं त्याला साबणही मिळत नाही आणि निरोपही. विधवा बायकांची घरं यात हमखास सुटतात. म्हणून वाटपाची यादी शावीशकडून घेतली तरी दर दहा तंबूंमागे दोन-तीन तंबू स्वतः जाऊन पडताळावेत.

मग पटकी आली

१० सप्टेंबर २०२२ ला सीरियाने पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ जाहीर केली. युफ्रेटिस नदीची पातळी खाली गेलेली, सांडपाणी तिच्यात मिसळणारं, पाणी शुद्ध करणारी केंद्रं युद्धात मोडलेली, आणि त्याच पाण्यावर भाजीपाला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला लेबनॉनमध्येही रुग्ण सापडला, १९९३ नंतरचा तिथला पहिला. ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपाने वायव्येतल्या होत्या त्या टाक्या आणि नळही मोडले. त्यानंतर मार्चमध्ये तिथे १७ लाख डोसांची तोंडाने घ्यायच्या लशीची मोहीम निघाली.

कोरोनात शिकलेलं हात धुणं इथे उपयोगी पडलं, पण पटकीचा मुख्य रस्ता पोटातून जातो, आणि मास्क त्याला अडवत नाही. इथे पाण्यातला क्लोरीन महत्त्वाचा, आणि त्यात चुका कुठे होतात ते नीट पाहण्यासारखं आहे.

छावणीत बहुधा क्लोरीनची ६७ मिलिग्रॅमची गोळी वाटतात. ती २० लिटर स्वच्छ पाण्यासाठी असते. पाणी गढूळ असेल तर आधी चार पदरी कापडातून गाळायचं, कारण गाळ क्लोरीन खाऊन टाकतो. गाळूनही पाणी गढूळच दिसलं तर दोन गोळ्या. गोळी टाकली, कॅन हलवला, की अर्धा तास थांबायचं. नेमकं इथेच बिनसतं. टँकर दुपारी येतो, मुलं तहानलेली असतात, कोण अर्धा तास थांबणार? म्हणून घरात दोन कॅन हवेत, एक भरायचा आणि एक प्यायचा. एकच असेल तर वेळ पाळली जात नाही. दुसरी चूक मापाची. गोळी २० लिटरची, कॅन १० लिटरचा. पूर्ण गोळी टाकली की पाण्याला औषधाचा उग्र वास येतो, मुलं तोंड फिरवतात आणि आई दुसऱ्या दिवसापासून गोळीच टाकत नाही. तिसरी चूक भांड्याची. रुंद तोंडाच्या बादलीत पेला बुडवला की हाताबरोबर जंतू परत आत जातात. अरुंद तोंडाचा कॅन, झाकण, आणि शक्य तर खाली तोटी. आतला शेवाळी थर मूठभर स्वच्छ खडी आणि साबणाचं पाणी घालून खळखळवून काढता येतो.

गोळीने काम केलं की नाही हे गुलाबी रंगावरून कळतं. तपासणी नळीत पाणी घेऊन त्यात छोटी चाचणी गोळी टाकली की क्लोरीन शिल्लक असेल तर पाणी गुलाबी होतं. लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम शिल्लक हवा. टँकरजवळ तपासून समाधान मानणं ही संस्थांची नेहमीची चूक. तंबूतल्या कॅनमधलं पाणी, भरल्यानंतर काही तासांनी तपासलं पाहिजे, कारण माणूस ते पितो.

जुलाब सुरू झाले तर मीठ-साखरेचं पाणी. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर मुलाला अपाय होतो, म्हणून शंका असेल तर मीठ कमीच. दोन वर्षांखालच्या मुलाला दर जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. उरलेलं २४ तासांनी फेकायचं. पाकिटाच्या बाबतीतली नेहमीची चूक म्हणजे एक लिटरचं पाकीट दोन-तीन वेळा थोडं थोडं करून पेल्यात घालणं. त्यात प्रमाण बिघडतं. या पाण्याची ताकद जगाला दिसली तीही निर्वासितांच्या छावणीतच. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या लोकांच्या बनगावच्या छावणीत सलाइन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांत हे द्रावण कालवून नातेवाइकांच्या हाती दिलं आणि पटकीने होणारे मृत्यू झपाट्याने खाली आले. तिथे आईच्या हातात पेला होता आणि तिने काय करायचं ते एका वाक्यात सांगता येत होतं.

आता परतणारे

८ डिसेंबर २०२४ ला असद राजवट कोसळल्यानंतर दहा लाखांहून अधिक लोक गावी परतू लागले. लाखो अजून तंबूंत आहेत. परतणाऱ्यांना क्लोरीनची गोळी, मास्क, हातांचा साबण हे सगळं पाठ आहे, पण गावात टँकर येत नाही, संस्थेची बाई येत नाही, आणि दहा-बारा वर्षं बंद पडलेली विहीर किंवा गच्चीवरची टाकी वाट पाहत असते. आवारात, विहिरीच्या काठाला पुरलेले किंवा न फुटलेले स्फोटक असू शकतात, म्हणून सुरुंग शोधणाऱ्या पथकाने पाहिल्याशिवाय काठावर जायचंच नाही. टाकी हाती लागली, की आधी ती पूर्ण रिकामी करून तळाचा गाळ घासून काढायचा. मग ती भरून, १,००० लिटरला ५ टक्क्यांचं एक लिटर ब्लीच घालून, सगळ्या तोट्या क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडायच्या, म्हणजे नळातही ते पोचतं. रात्रभर झाकून ठेवायचं आणि हे पाणी कुणी पिणार नाही याची काळजी घ्यायची. सकाळी ते ओतून टाकून टाकी धुवायची. त्यानंतर भरलेलं पाणी प्यायचं, तेही क्लोरीनची गोळी टाकून आणि अर्धा तास थांबून.